खांदेपालट जोडीच्या यंत्रांची

गावच्या जत्रेत पालखी निघते तेव्हा एक गोष्ट तुम्ही नेहमी पाहत असाल. पालखी चालत असते, वाजंत्री वाजत असते, आणि चालता चालताच खांदेकरी बदलतात. दमलेल्या गड्याच्या शेजारी ताजा गडी येतो, दांडीखाली खांदा लावतो, 'घेतली' म्हणतो, आणि मग पहिला गडी अलगद बाजूला होतो. पालखी थांबत नाही, जमिनीला टेकत तर नाहीच. याला आपण खांदेपालट म्हणतो. आज मला अशाच एका खांदेपालटीविषयी बोलायचे आहे. पण ती माणसांची नव्हे, यंत्रांची.

तुम्ही म्हणाल, यंत्रांच्या खांदेपालटीशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो रोजचा आहे. १ मे २०१८ पासून आपल्या राज्यात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. रेशनच्या दुकानात अंगठा ठेवावा लागतो. पीकविम्याचा अर्ज संगणकावर भरायचा असतो. शाळेची माहिती गुरुजींना ऑनलाइन पाठवावी लागते. या प्रत्येक कामात एक निरोप गावातून निघतो, तालुक्याला जातो, तिथून जिल्ह्याला, आणि पुढे मुंबई-पुण्याकडे. वाटेत जिथे जिथे रस्ते फुटतात तिथे एक यंत्र बसवलेले असते. निरोपाला वाट दाखवणाऱ्या यंत्राला राउटर म्हणतात, तो वाटाड्या. कोणता निरोप आत घ्यायचा आणि कोणता परत पाठवायचा हे ठरवणाऱ्या यंत्राला फायरवॉल म्हणतात. तो वेशीवरचा पहारेकरी.

आता कल्पना करा, जिल्ह्याच्या ठिकाणचा असा एक वाटाड्या बंद पडला. मग भूम काय, परंडा काय, उमरगा काय, त्याच्यामागे असलेली सगळी गावे एका क्षणात मुकी होतात. म्हणून महत्त्वाच्या नाक्यावर एकाऐवजी दोन यंत्रे बसवतात. एक काम करते, ते चालू यंत्र. दुसरे तयारीत उभे असते, ते राखीव यंत्र. गावच्या नळयोजनेच्या विहिरीवर दोन मोटारी असाव्यात, तसेच हे.

पण मोटारींत आणि या यंत्रांत एक फरक आहे. मोटार बंद पडली तर ती बदलायला माणूस लागतो. ही यंत्रे आपापसांत ठरवून आपली आपण पालट करतात. ती कशी, ते पाहा.

चालू यंत्र ठरावीक वेळाने राखीव यंत्राला सांगत राहते, 'मी आहे, मी आहे.' याला इंजिनियर लोक हृदयाचा ठोका म्हणतात. राउटरांच्या जोडीसाठी व्हीआरआरपी नावाचा एक सर्वमान्य नियम १९९८ साली लिहिला गेला. त्यात हा ठोका नेहमीच्या मांडणीत दर सेकंदाला एक असतो. राखीव यंत्र हे ठोके ऐकत बसते. एक ठोका चुकला तर ते गप्प राहते. चुकला असेल, म्हणते. तीन ठोक्यांचा वेळ गेला, वर थोडीशी आणखी वाट पाहिली, तरी काही ऐकू आले नाही, म्हणजे ते समजते की जोडीदार गेला, आता माझी पाळी. हा सगळा वेळ साधारण साडेतीन सेकंदांचा. गावात बसलेल्या माणसाला पान उघडायला जरा उशीर लागला इतकेच वाटते.

मग निरोपांना कसे कळते की यंत्र बदलले? इथे एक सुंदर युक्ती आहे. शाळेत पत्र येते ते 'मुख्याध्यापक' या नावाने येते. गुरुजींची बदली झाली, नवे गुरुजी आले, तरी पत्रावरचा पत्ता बदलत नाही. खुर्चीवर जो असेल तो पत्र उघडतो. तसाच या जोडीला एक सामाईक पत्ता दिलेला असतो. तो या यंत्राचाही नव्हे आणि त्या यंत्राचाही नव्हे; तो खुर्चीचा पत्ता. राखीव यंत्र खुर्चीवर बसले की ते आधी हाळी देते, 'आजपासून इथे मी आहे.' आजूबाजूच्या स्विचांना ती हाळी ऐकू गेली की निरोप नव्या दाराने येऊ लागतात.

इतके सगळे आपोआप होत असेल, तर मग हाताने पालट करायची गरजच काय? आजच्या बोलण्याचा खरा मुद्दा हाच आहे. गरज दोन प्रसंगी पडते.

पहिला प्रसंग ठरवून केलेल्या कामाचा. चालू यंत्राचा पंखा बदलायचा आहे, त्यातली प्रणाली नवी घालायची आहे. अशा वेळी त्याचे बटण बंद करून साडेतीन सेकंद सगळ्यांना ताटकळत ठेवण्यापेक्षा, त्याने स्वतः सांगावे की 'मी सोडतो आहे, तू घे', हे बरे. नियमात तशी सोय आहे. प्रत्येक यंत्राला मानाचा एक आकडा असतो, नेहमी तो १०० धरतात. पायउतार होणारे यंत्र शेवटच्या ठोक्यात आपला मान शून्य सांगते. तो शून्य ऐकला की राखीव यंत्र तीन ठोके थांबत नाही. साधारण सहा दशांश सेकंदात कामाला लागते. न सांगता गेलेल्याच्या मानाने सांगून गेलेल्याची जागा सहापट लवकर भरून निघते. माणसांतही असेच असते, नाही का?

दुसरा प्रसंग अवघड आहे. यंत्र मेलेले नसते, पण धडही नसते. ते ठोके देत राहते, पण काम नीट करीत नाही. राखीव यंत्र बिचारे ठोके ऐकते आणि म्हणते, 'जोडीदार तर खुशाल आहे.' अशा वेळी माणसाने पाहायचे, माणसाने ठरवायचे आणि माणसाने बटण दाबायचे असते.

यातला एक प्रसंग माझ्या वाट्याला आलेला आहे, तो सांगतो. कार्यालयाचे नाव सांगत नाही. चूक कार्यालयाची नव्हे, माझीच होती.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. सकाळपासून बाहेर रांग. अकराच्या सुमारास पाने अडकू लागली. मी पाहिले तर चालू फायरवॉल दर चार निरोपांतला एक हरवीत होता. दिवे हिरवे, ठोके बरोबर, पण काम पांगळे. पालट करायला हवी हे मला त्याच वेळी कळले होते. पण मी ती केली दीड वाजता. अडीच तास मी काय केले? वाट पाहिली. का? कारण राखीव यंत्राला वर्षभरात कोणी हात लावला नव्हता, आणि ते उभे राहील याची मला खात्री नव्हती. आणखी खरे सांगायचे तर, मनात असे होते की यंत्र आपोआप बंद पडले तर ते नशीब, पण माझ्या हाताने बंद पडले तर ती चौकशी.

रांगेतली एक म्हातारी दोनदा खिडकीशी येऊन विचारून गेली, "साहेब, आज होतंय का न्हाई?" कागद तिने फडक्यात बांधून आणले होते.

शेवटी मी पालट केली. राखीव यंत्र उभे राहिले. बहुतेक सगळे चालू झाले. नेमकी लोक ज्यासाठी उभे होते ती एक वाट मात्र उघडेना. शोधल्यावर कळले, तीन महिन्यांपूर्वी ती वाट नव्याने घातली होती, आणि ती फक्त चालू यंत्रात घातली होती. राखीव यंत्राच्या वहीत ती उतरवायची राहून गेली होती. ती मीच घातली होती. ते सापडून दुरुस्त व्हायला चाळीस मिनिटे लागली. तोवर पावसाची सर आली, एसटीची वेळ झाली, आणि ती म्हातारी निघून गेली होती.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकलो. जे राखीव यंत्र कधी चालवून पाहिलेले नाही, ते राखीव नव्हेच. ती नुसती कपाटातली वस्तू आहे.

ही चूक लहान कार्यालयातच होते असे समजू नका. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले. दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या वाटा डळमळल्या, असे बाजाराने सांगितले. अडचणीच्या वेळी काम हलवण्यासाठी दुसरे केंद्र होते. पण काम तिकडे हलवले गेले नाही. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी पावणेचार वाजता. पुढच्याच महिन्यात सेबीने वेळ बांधून दिली: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर अर्ध्या तासात 'हे संकट आहे' असे जाहीर करायचे, आणि तिथून पंचेचाळीस मिनिटांत दुसऱ्या केंद्रावरून काम सुरू करायचे. या नियमातले शहाणपण लक्षात घ्या. बटण कसे दाबायचे हे तज्ज्ञांना ठाऊकच असते. किती वेळ वाट पाहायची, हे ठरलेले नसते. ते आधी, शांत डोक्याने ठरवून ठेवले पाहिजे.

आणि मग तालीम. २ मार्च २०२४, शनिवार. सुटीच्या दिवशी मुंबईचे दोन्ही शेअर बाजार मुद्दाम उघडले. सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रावरून व्यवहार झाले; मध्ये काम दुसऱ्या केंद्राकडे नेले; आणि साडेअकरा ते साडेबारा तिथून खरे व्यवहार झाले. लुटुपुटूचे नव्हेत, खऱ्या पैशांचे. हातपालट म्हणजे काय हे पाहायचे तर हे मोठे उदाहरण.

कोणी म्हणेल, माणूस कचरतो, तर मग सगळे यंत्रावरच का सोपवू नये? त्याचेही उत्तर ऐका. पालखीला दोन गडी क्षणभर एकदम खांदा देतात, त्याने काही बिघडत नाही. यंत्रांच्या जोडीत मात्र तसे चालत नाही, आणि इथे आपली पालखीची उपमा संपते. समजा, दोन्ही यंत्रे धड आहेत, पण त्यांच्यामधली ठोक्याची तारच तुटली. राखीवाला वाटते चालू मेला. ते खुर्चीवर बसते. चालू तर उठलेलेच नसते. एका खुर्चीवर दोन मुख्याध्यापक! दोघेही आलेली पत्रे उघडतात, दोघेही वेगवेगळी उत्तरे देतात. याला यंत्राचे डोके दुभंगणे म्हणतात. म्हणून शहाणे लोक ठोक्यासाठी दोन वेगळ्या तारा घालतात.

अमेरिकेत गिटहब नावाची संस्था आहे. जगभरचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपले काम तिथे ठेवतात. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी तिथे दुरुस्तीच्या कामात एक वाट फक्त ४३ सेकंद तुटली. तेवढ्या वेळात आपोआप पालट झाली आणि माहितीच्या वहीचा मान पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर गेला. पण पूर्वेकडे शेवटच्या काही सेकंदांत लिहिलेले पश्चिमेला पोचलेच नव्हते. दोन्हीकडे दोन निराळ्या वह्या झाल्या. त्या जुळवून सगळे सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. ४३ सेकंदांची ती किंमत! म्हणजे यंत्राची घाई आणि माणसाची दिरंगाई, दोन्ही महाग पडतात. साधा वाटाड्या असेल तर पालट आपोआप होऊ द्यावी. जिथे वही लिहिली जाते तिथे माणसाने खात्री करून पालट करणे पुष्कळदा बरे.

आता ही हातपालट करायची कशी, ते क्रमाने सांगतो. तालुक्यात, बँकेत, कारखान्यात असे काम करणारे तरुण ऐकत असतील. त्यांनी वहीत लिहून ठेवावे.

पहिले, राखीव यंत्र खरोखर जिवंत आहे का ते पाहा. दिवा पाहून भागत नाही. त्याच्या आतल्या बाजूची आणि बाहेरच्या बाजूची, दोन्ही तारा जोडलेल्या आहेत का ते पाहा.

दुसरे, दोघांची वही ताडून पाहा. एका यंत्रात जी वाट, जो नियम आहे, तो दुसऱ्यात आहे का? दोघांतली प्रणाली एकाच आवृत्तीची आहे का? माझी चूक इथली होती.

तिसरे, चालू असलेली संभाषणे राखीवाला कळत आहेत का ते तपासा. फायरवॉल कोण कोणाशी बोलतो आहे याची यादी ठेवतो. ती यादी जोडीदाराकडे जात नसेल तर पालट होताच सगळ्यांची बोलणी मध्येच तुटतील, आणि अर्धा भरलेला अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागेल.

चौथे, यंत्रापर्यंत जाण्याची स्वतःची वाट निराळी ठेवा. ज्या फांदीवर बसलो तीच तोडायची नाही. दुरून काम करीत असाल, आणि तुमचा निरोप त्याच यंत्रातून जात असेल, तर ते गेले की तुम्हीही गेलात. कोणीतरी यंत्राजवळ थेट तार लावून बसलेला असावा.

पाचवे, लोकांना सांगा. आणि बटण दाबण्यापूर्वीच ठरवा, किती मिनिटांत काय झाले नाही तर मागे फिरायचे.

सहावे, यंत्राला पायउतार होण्याचा हुकूम द्या; त्याची वीज काढू नका. सांगून जाणे निराळे आणि पडून जाणे निराळे, हे मघाशी पाहिलेच.

सातवे, खात्री बाहेरून करा. यंत्राच्या पडद्यावर सर्व काही छान दिसते. लोहाऱ्याच्या एखाद्या गावातल्या गुरुजींना फोन करून विचारा, 'तुमचे पान उघडले का?' तो खरा दाखला.

आणि एक इशारा. जुने यंत्र बरे झाले की लगेच त्याला परत गादीवर बसवू नका. काही यंत्रांची मांडणीच अशी असते की ती शुद्धीवर येताच मान परत मागतात. दुखणे पुरते गेलेले नसेल तर ती पुन्हा पडतात, पुन्हा उठतात, आणि दिवसभर खांदेपालटच चालते. दुरुस्ती चालू असताना हे परत मागणे बंद ठेवावे. शिवाय तेवढ्या काळात आपण एका पायावर उभे आहोत याची आठवण ठेवावी.

दोन यंत्रे घेतली म्हणजे निर्धास्त झालो, असेही नाही. ती एकाच कपाटात, एकाच विजेच्या तारेवर असतील तर जोडी नावापुरती. आपल्या जिल्ह्याला हे कोणी वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारला काही मिनिटे असताना जमीन हादरली. किल्लारी आणि आपल्या सास्तूरसह कितीतरी गावे कोसळली, सुमारे ८,००० माणसे गेली. जे जे एका छपराखाली होते, ते एकदम गेले. राखीव म्हणून जे ठेवायचे, ते निराळ्या छपराखाली ठेवावे, हा धडा आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत.

शिक्षक बंधुभगिनींना एक खेळ सुचवतो. वर्गात दोन मुलांना पाठीला पाठ लावून उभे करा. पहिल्याने संथपणे टाळ्या वाजवायच्या आणि वर्गाकडून येणाऱ्या चिठ्ठ्या घ्यायच्या. दुसऱ्याने फक्त ऐकायचे. तीन टाळ्या चुकल्या की हात वर करून 'मी घेतले' म्हणायचे. मग खेळ बदला. पहिल्याला टाळी थांबवण्याऐवजी मोठ्याने 'मी सोडतो' म्हणायला सांगा, आणि दोन्ही वेळांचा फरक मुलांकडून मोजून घ्या. नंतर दुसऱ्याला कानांत बोटे घालायला सांगा. टाळ्या चालू असूनही तो हात वर करील, आणि चिठ्ठ्या कोणाकडे द्यायच्या याचा वर्गात गोंधळ उडेल. डोके दुभंगणे म्हणजे काय, हे मुले जन्मात विसरणार नाहीत. शेवटी, पहिल्याला टाळ्या वाजवू द्या पण चिठ्ठ्या खाली टाकायला सांगा, आणि वर्गाला विचारा, 'आता काय करायचे?' कोणीतरी एक मूल उठून म्हणेल, 'गुरुजी, त्याला बदला.' तेच मूल पुढे चांगला इंजिनियर होईल.

आणि गावकऱ्यांना एवढेच सांगतो. तुमच्या विहिरीवरची दुसरी मोटार शेवटची कधी चालवली, ते आज ग्रामपंचायतीत विचारा. उत्तर 'गेल्या उन्हाळ्यात' असे आले, तर पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास ती चालवायचे ठरवून टाका. दिवस ठरवा, माणूस ठरवा, आणि वहीत लिहा. दुष्काळी मुलखात मोटार टंचाईच्या दिवसांतच जळते, आणि तेव्हा कळते की दुसरी गंजून बसली आहे.

ती फडक्यात कागद बांधून आलेली म्हातारी मला पुन्हा दिसली नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, कार्यालय सुटल्यावर, मी दोन्ही यंत्रांची खांदेपालट करून पाहतो, तेव्हा तिचा प्रश्न आठवतो. "साहेब, आज होतंय का न्हाई?" पाहतो, तपासतो, वहीत लिहितो, आणि मगच घरी जातो.